फलकावरचे एक नाव

शाळेच्या मोठ्या दरवाजातून आत आले की डाव्या भिंतीवर लाकडी सन्मानफलक आहे. त्यात खेळांच्या रकान्यात खालून चौथ्या ओळीत माझे नाव आहे आणि पुढे 'मुंबई-पुणे सायकल शर्यत' एवढेच लिहिले आहे. साल मधल्या एका रंगकामात पुसले गेले. स्मरणिकेच्या संपादकांनी आपल्या तुकडीच्या क्रीडा-इतिहासावर लिहायला सांगितले, तेव्हा ठरवले की आधी ही ओळ दुरुस्त करायची. ती खोटी नाही, पण पाव हिश्शानेच खरी आहे.

आमचा संघ चौघांचा होता. नावे मुद्दाम घालत नाही. जुन्या अकरावीच्या वर्गमित्रांना ती लगेच कळतील. एक कॅप्टन, ज्याला पीटीच्या तासापासून सगळे कॅप्टनच म्हणत. दुसरा दुकानवाला, ज्याच्या वडिलांच्या दुकानातून आपण सर्वांनी तासाच्या भाड्याने सायकली नेल्या आणि वेळ चुकवली. तिसरा शेवटच्या बाकावरचा उंचाडा. चौथा मी. शाळा सोडून तीन-चार वर्षे झाली होती, तरी सराव शाळेच्या फाटकापासूनच सुरू होई.

तेव्हाचे पुणे सायकलींचे गाव होते, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. डॉक्टर, प्राध्यापक, दूधवाला, सगळे सायकलवर. अशा गावातल्या पोरांना मुंबई-पुणे शर्यतीचे वेड असणे साहजिकच होते. 

या शर्यतीचा खरा कस लागतो बोरघाटात. खोपोली जवळजवळ समुद्रसपाटीला आणि लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच. ही चढण काही किलोमीटरमध्ये गाठायची. घाटात सर्वांत पुढे राहणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात आणि त्याचा मान वेगळा असतो. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात इथला गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढली. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना डोंगरातली वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्याच्याच जिवावर बेतले, अशी कथा सांगतात. माल्कमचे नाव पुस्तकात आहे, शिंग्रोबाचे ट्रकवाल्यांच्या तोंडी. तेव्हा आम्ही देवळासमोरून नमस्कार करून पुढे जात असू, या गोष्टीचा फार विचार केला नव्हता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकली आगगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून दादरला पोचलो. उंचाड्याच्या मामांच्या चाळीत गॅलरीत झोपायची सोय होती. मामींनी रात्री पिठलं-भात वाढला आणि पहाटेसाठी गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या. मी लवकर झोपलो. बाकीचे तिघे बराच वेळ जिन्यात बसून बोलत होते. ते काय बोलत होते, हे मला कळायला पुढे जवळजवळ सगळे आयुष्य जावे लागले.

सुटलो तेव्हा धड उजाडलेही नव्हते. सांगलीचे, मुंबईचे, रेल्वेचे तयारीचे गडी, त्यांच्या हलक्या सायकली, आणि त्यांच्यात आम्ही. पनवेलपर्यंत रस्ता सपाट, पण वारा समोरून. ज्यांनी शर्यत केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून चालवले, तर पाव ते तिसरा हिस्सा कष्ट वाचतात. म्हणून संघातले आळीपाळीने पुढे येतात. त्या सकाळी कॅप्टन आणि उंचाडा आळीपाळीने पुढे येत होते. माझी पाळी आली की कॅप्टन नुसता हात हलवून मला मागे ठेवी. मला वाटले, मी दमलेला दिसत असेन. थोडा रागही आला.

खोपोलीला उंचाडा मागे पडला. त्याची पाठ पार गेली होती. घाट सुरू झाला आणि पहिल्या मोठ्या वळणानंतर कॅप्टनही मागे राहिला. मी आणि दुकानवाला, दोघेच. शिंग्रोबाच्या थोडे अलीकडे माझ्या पुढच्या चाकातून फुस्स असा आवाज आला. मदतीची गाडी वगैरे आमच्यामागे काही नव्हती. मी खाली उतरेपर्यंत दुकानवाल्याने आपली सायकल उलटी करून नट ढिले केलेसुद्धा. लहानपणापासून त्याचे हात त्याच कामात. मी काही बोलायला लागलो तर म्हणाला, "चल, बस, बडबड नको." त्याचे चाक माझ्या सायकलला लागले आणि मी निघालो. वळणावर मागे पाहिले, तर तो कठड्यावर बसून माझ्या पंक्चर चाकाचा टायर काढत होता.

अमृतांजन पुलाखालून गेलो, खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव, देहूरोड. पुढचे आठवते ते फक्त तहान आणि चिंचवडला कुणीतरी हातात दिलेले अर्धे मोसंबे. मी जिंकलो नाही. पण पहिल्या पंचविसांत आलो. आपल्या शाळेच्या कुणा मुलाने तिथवर मजल मारल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते, म्हणून सरांनी कौतुकाने माझे नाव फलकावर घातले. कॅप्टन आणि उंचाडा दुपारी पोचले. दुकानवाला ट्रकमध्ये सायकल टाकून संध्याकाळी आला. त्यानंतर तो कधीच शर्यतीत उतरला नाही. वडील आजारी पडले आणि दुकान त्याच्यावर आले.

पुढे जेव्हा जेव्हा भेटलो, मी चाकाचा विषय काढी आणि तो उडवून लावी. "अरे, माझ्या पायात गोळे आले होते. तुझं पंक्चर म्हणजे मला देवच पावला." चाळीस वर्षे त्याने हेच सांगितले. मीही ते मानले, कारण मानणे सोयीचे होते.

कॅप्टन तीन वर्षांपूर्वी गेला. या लेखासाठी वहिनींकडे गेलो, तेव्हा त्यांनी त्याची सरावाची वही काढून दिली. तारखा, अंतरे, घाटातल्या वेळा, सगळे त्याच्या ठसठशीत अक्षरात. घाटातल्या वेळांत माझी सर्वांत कमी आणि दुकानवाल्याची माझ्यापेक्षा फक्त काही सेकंदांनी जास्त. शर्यतीच्या आदल्या रात्रीची नोंद अशी आहे की, आपल्यापैकी घाटात एकच टिकेल, तो मी. कॅप्टनने आणि उंचाड्याने मला खोपोलीपर्यंत वाऱ्यापासून वाचवायचे. दुकानवाल्याने घाटात मला सोडायचे नाही आणि काही मोडले तर स्वतःचे द्यायचे. शेवटी लिहिले आहे: 'त्याला सांगायचे नाही, तो ऐकणार नाही.'

उंचाड्याला अमेरिकेत फोन केला. तो म्हणाला, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

१९३४ सालच्या टूर द फ्रान्समध्ये रने व्हिएतो या वीस वर्षांच्या पोराने आपल्या संघाच्या म्होरक्याला, आंतोनँ माग्नला, आपले चाक काढून दिले. दगडी कठड्यावर बसून रडणाऱ्या व्हिएतोचा फोटो जगभर गाजला. माग्न ती शर्यत जिंकला, व्हिएतो पाचवा आला आणि पुढे कधीच टूर जिंकू शकला नाही. पण निदान त्याचा फोटो तरी आहे. आमच्या कठड्यासमोर कॅमेरा नव्हता.

वही घेऊन दुकानात गेलो. दुकानवाल्याने चष्मा लावून ते पान वाचले, वही मिटली आणि म्हणाला, "कॅप्टनचं अक्षर किती चांगलं होतं नाही?" मग गिऱ्हाइकाकडे वळला. एवढ्या वर्षांनीही त्याने कबुली दिली नाही.

माजी विद्यार्थी मंडळाला माझी विनंती आहे. फलकाचे नवे रंगकाम ठरलेच आहे. त्या चौथ्या ओळीत चौघांची नावे लिहावीत, आणि माझे सर्वांत शेवटी. जागा कमी पडत असेल तर माझे गाळले तरी चालेल. वहीचे पान मी कार्यालयात पुरावा म्हणून जमा करत आहे. स्नेहसंमेलनाला दुकानवाला येणार आहे. त्याला कुणी विचारू नका, तो पुन्हा पायातल्या गोळ्यांचेच सांगेल.