उपासाला पारणं असतं



महाशिवरात्रीला आपल्या औंढ्यात नागनाथाची जत्रा भरते. घरोघरी उपास असतो, भगर-आमटी शिजते आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवून आपण पारणं फेडतो. सिद्धार्थ गौतमानेही सुजाताच्या हातची खीर घेऊन कठोर उपास सोडला, असं बौद्ध परंपरा सांगते. म्हणजे उपासाला शेवट असतो.

पण शेवट नसलेलं उपाशी राहणंही असतं. पोरीची हाडं दिसू लागतात, तरी ती म्हणते, ‘मी जाड आहे, मला भाकर नको.’ हा आजार आहे. डॉक्टर त्याला अॅनोरेक्सिया म्हणतात. तो आजार म्हणून ओळखायला जगाला फार वेळ लागला. तीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

ब्रिटनमधल्या वेल्स भागात सारा जेकब नावाची शेतकऱ्याची लेक होती. ती दोन वर्षं काहीच खात नाही, असं आईबाप सांगत. लोक तिला बघायला येत, भेटी ठेवत, चमत्कार म्हणत. खरं-खोटं करायला १८६९ च्या डिसेंबरात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या नर्सेस तिच्या उशापायथ्याशी पहाऱ्याला बसवल्या. आतापर्यंत चोरून मिळणारा घासही बंद झाला असावा. आठवडाभरात पोर गेली. वय बारा वर्षं. आईबापांना तुरुंगवास झाला. चमत्कार सगळ्यांनी पाहिला, लेकराचं दुखणं कोणी पाहिलं नाही.

त्याच गाय्ज हॉस्पिटलचे डॉक्टर विल्यम गल यांनी आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी १८७३ मध्ये अशा न जेवणाऱ्या मुलींबद्दल लिहिलं. पुढच्याच वर्षी गल यांचं अॅनोरेक्सिया हे नाव छापून आलं. बऱ्या झालेल्या मुलींची आधीची आणि नंतरची चित्रंही त्यांनी दिली. खूप खाऊन मग मुद्दाम ओकून टाकायचं, या दुसऱ्या आजाराला डॉक्टर रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नाव दिलं.

मग अशा पोरीला रागावून का भागत नाही? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ३६ धडधाकट तरुण स्वतःहून प्रयोगाला तयार झाले. सहा महिने त्यांना जवळपास निम्मंच जेवण दिलं. ते चिडचिडे, उदास झाले, त्यांना थंडी वाजू लागली, डोक्यात सारखं अन्नच फिरू लागलं. म्हणजे उपासमार मनही बदलून टाकते. आधीच आजारात अडकलेली पोर ‘खा की गं’ म्हणून बाहेर येत नाही.

आपण खुणा ओळखू या. वजन झपाट्याने उतरणं, पाळी थांबणं, केस गळणं, सारखी थंडी वाजणं, सगळ्यांबरोबर जेवायला टाळणं, जेवल्याबरोबर ओकायला जाणं. मुलांनाही हा आजार होतो. क्षयरोग, थायरॉईड अशा दुखण्यांनीही वजन उतरतं, म्हणून आधी दवाखान्यात तपासणी करावी. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं तर वेळ घालवू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर खाऊ घालणंही धोक्याचं ठरू शकतं. जेवण डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवायचं असतं. त्याबरोबर समुपदेशन हवं आणि ताटावर घरच्यांची न ओरडता सोबत हवी.

उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेलिमानस सेवेचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा नंबर सगळ्या जणींना लिहून द्या. आणि एखादी पोर महिनोन्‌महिने ‘मला उपास आहे’ म्हणत असेल, तर तिच्या भक्तीचं कौतुक करण्याआधी विचारा, ‘बाई गं, पारणं कधी?’