प्लंकेट, सर हॉरेस कर्झन

(२४ ऑक्टोबर १८५४–२६ मार्च १९३२). आयर्लंडमधील कृषिसहकारी चळवळीचा प्रवर्तक, व्यवसायसंघटक व मुत्सद्दी. मीथ परगण्यातील डन्सनी या सरदार घराण्यात, परंतु इंग्लंडमधील शेरबर्न (ग्लॉस्टरशर) येथे त्याचा जन्म झाला. शिक्षण ईटन व ऑक्सफर्ड येथे. फुप्फुसाच्या विकारामुळे १८७९ मध्ये तो अमेरिकेतील वायोमिंग येथे गेला व सु. दहा वर्षे त्याने तेथे गुरेपालनाचा व्यवसाय केला. वडिलांच्या निधनानंतर १८८९ मध्ये तो मायदेशी परतला.

त्या काळी आयरिश लोणी ब्रिटिश बाजारपेठेत डॅनिश लोण्यापुढे मागे पडत होते. दूध विलग करणारे नवे यंत्र एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. शेतकऱ्यांनी भांडवल एकत्र करून यंत्र घ्यावे व नफा दुधाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असे प्लंकेटने सुचविले. पहिली संस्था उभी राहण्यापूर्वी त्याला पन्नास सभा घ्याव्या लागल्या. जमीनदार, प्रॉटेस्टंट व संघराज्यवादी असल्यामुळे त्याच्याविषयी संशय होता. तथापि फादर टॉमस फिन्ले हा जेझुइट धर्मगुरू व आर. ए. अँडरसन यांचे साहाय्य त्याला लाभले. १८९४ मध्ये डब्लिन येथे ‘आयरिश कृषिसंघटना संस्था’ स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सहकारी संस्थांची संख्या सु. एक हजारावर गेली होती.

लहान शेतकऱ्याची दुसरी अडचण कर्जाची होती. गावचा दुकानदारच सावकार असे. त्याला ‘गोम्बीन मॅन’ म्हणत. उधारीने बांधलेल्या शेतकऱ्याला तो सांगेल त्या भावाने माल घ्यावा लागे. यावर उपाय म्हणून जर्मनीतील राइफायझेन पद्धतीची पहिली पतपेढी १८९५ मध्ये कॉर्क परगण्यातील डॉनरेल येथे निघाली. छोटे कार्यक्षेत्र, सभासदांचे अमर्यादित दायित्व व केवळ उत्पादक कामासाठी कर्ज, ही तिची तत्त्वे होती. १९०८ च्या सुमारास अशा पतपेढ्या दोनशेंहून अधिक होत्या.

मात्र दुग्धसंस्थांप्रमाणे पतपेढ्या रुजल्या नाहीत. शेतकऱ्यांची शिल्लक डाकघर बचत बँकेत व व्यापारी बँकांत जात असे. पतपेढ्यांना स्थानिक ठेवी अल्प मिळाल्या. ती उणीव शासकीय खात्याच्या व दाटवस्ती जिल्हा मंडळाच्या कर्जांनी भरून काढण्यात आली. पैसा आपला नसल्यामुळे सभासदांची दक्षता शिथिल झाली. थकलेल्या शेजाऱ्यावर तगादा लावण्यास कोणी धजेना आणि हिशेबतपासणीही दुबळी राहिली. शासकीय पैशावरील या परावलंबित्वावर कृषिकर्जविषयक समितीने १९१४ मध्ये टीका केली. स्वावलंबन हे प्लंकेटच्या शिकवणुकीचे सार असता, त्याच्याच चळवळीचा हा भाग परावलंबनामुळे खुंटला. भारतातील १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही राइफायझेनचाच आदर्श असल्याने हा अनुभव भारतीय अभ्यासकांनाही उद्बोधक आहे.

प्लंकेट १८९२–१९०० या काळात ब्रिटिश संसदेचा सदस्य होता. त्याच्या प्रयत्नांतून १८९९ मध्ये आयर्लंडचे कृषी व तंत्रशिक्षण खाते निर्माण झाले. १९०७ पर्यंत तो त्याचा प्रमुख होता. १९१७-१८ च्या आयरिश परिषदेचे अध्यक्षपद त्याने भूषविले. आयर्लंड इन द न्यू सेंचरी (१९०४) हा त्याचा ग्रंथ वादग्रस्त ठरला. १९२०-२१ मध्ये ब्रिटिश दलांनी अनेक सहकारी दुग्धालये जाळली. पुढे प्लंकेट स्वतंत्र आयर्लंडच्या सिनेटचा सदस्य झाला असता, जानेवारी १९२३ मध्ये तहविरोधी प्रजासत्ताकवाद्यांनी त्याचे फॉक्सरॉक येथील घर जाळले. त्यानंतर तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. वेब्रिज येथे त्याचे निधन झाले.

शेतीची सुधारणा, व्यवहाराची सुधारणा व जीवनाची सुधारणा ही त्याची त्रिसूत्री होती. तिच्या प्रसारार्थ त्याने १९१९ मध्ये आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापिले. आयर्लंडमध्ये सहकारी पतव्यवहार पुढे रुजला तो १९५८ नंतर, नोरा हर्लिही व तिच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या पतसंघांच्या रूपाने. त्यांचा पाया सभासदांची स्वतःची बचत हा होता.