बदलापूर आणि स्वाराची बंदूक

शिवकालीं येथें घोडे बदलीत म्हणून बदलापूर, अशी आख्यायिका त्या गांवीं ऐकूं येते. व्युत्पत्ति लोककल्पित दिसते. परंतु १६५७ त कल्याण शिवाजीमहाराजांकडे आल्यावर ह्या भागांत फिरणारा स्वार बंदूक बाळगी काय, हा प्रश्न तींतून निघतो. तोडेदार बंदुकीची पेटती जामगी संभाळावयाची, कानावर रंजक घालावयाची. मग लगाम कोणीं धरावा? स्वाराची मुख्य भिस्त भाला-तरवारीवरच होती. चकमकीची आखूड कराबीन आली तेव्हां ही अडचण पुष्कळ सरली. सबब तशी कराबीन कोणी 'शिवकालीन स्वाराची' म्हणून दाखविल्यास संग्राहकानें आधीं पुरावा मागावा. १७६१ सालीं पानिपतावर अबदालीनें आणलेले जंबुरे निराळे. तीं उंटाच्या पाठीवरील तोफेचीं धाकटीं भावंडें होत.