टाळूची खिडकी

धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तेथील मराठी घरांत न्हाऊ घालताना तेलाने बाळाची ‘टाळू भरीत’. शेजारच्या कानडी घरांत त्याच जागेला ‘नेत्ती’ म्हणत. टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातील पाणी आटले आणि फुगून ताठ झाली तर काही विपरीत आहे, एवढे जाणत्या सुईणीला हाताने कळे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तही टाळू खोल जाण्याच्या बालरोगाचे वर्णन आहे.

मोठ्या माणसाची कवटी बंद पेटीसारखी असते. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी यांना तिच्यात ठरावीकच जागा. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्‍रो यांनी हा विचार १७८३ साली मांडला. बाळाच्या कवटीची हाडे मात्र जुळलेली नसतात; पुढची टाळू साधारणतः दीड वर्षापर्यंत उघडी राहते. आतील दाब वाढला की तो तेथे प्रकट होतो.

तो आकड्यांत मोजण्यास आधी सुईच लागली. जर्मनीत क्विंके यांनी १८९१ साली पाठीच्या कण्यात सुई घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्वीडनचे लुंडबर्ग यांनी १९६० साली मेंदूच्या पोकळीतील नळीने दाब सतत नोंदविण्याची. पण नळीबरोबर रक्तस्रावाचे व जंतुसंसर्गाचे भय आले. अकाली जन्मलेल्या, किलोभर वजनाच्या अर्भकाने ते कसे सोसावे?

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा टाळूकडे वळले. डोळ्यातील दाब मोजण्याच्या उपकरणात फेरफार करून ते टाळूवर ठेवण्याचा प्रयोग १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९७९ साली हेन्‍रिएटा बादा व सहकाऱ्यांनी टाळूतून ध्वनिलहरी सोडून मेंदूच्या रक्तवाहिनीतील प्रवाह तपासला. दाब वाढला की दोन ठोक्यांमधील प्रवाह मंदावतो. त्याच सुमारास ध्वनिलहरींनी मेंदूतील रक्तस्राव व साचलेले पाणी पडद्यावर दिसू लागले. तरीही नळीइतका खात्रीचा आकडा देणारे, न टोचणारे साधन अद्याप सिद्ध झालेले नाही.

हुबळीत १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. परंतु गदग-हावेरीकडील खेड्यातून अशा मोठ्या रुग्णालयात बाळ वेळेवर पोचणे घरातील माणसांवरच अवलंबून असते. रडताना टाळू थोडी फुगते. त्यात भय नाही. बाळ शांत असून ताठ धरले असताही ती फुगलेली राहिली, जोडीला ताप, उलट्या किंवा सुस्ती असली, अथवा डोक्याचा घेर भराभर वाढू लागला, तर उद्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.