हस्तचलित गिअरची मोटार

ज्या मोटारीत इंजिनाची गती आणि चाकांची गती यांचे परस्पर प्रमाण चालक स्वतः क्लच व गिअरच्या दांड्याच्या साहाय्याने बदलतो, तिला हस्तचलित गिअरची मोटार म्हणतात. बोलीभाषेत तिला नुसते 'गिअरची गाडी' असे म्हटले जाते. भारतात दीर्घकाळ 'गाडी चालवता येते' याचा अर्थच 'गिअरची गाडी चालवता येते' असा होता. स्वयंचलित गिअरच्या मोटारी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यानंतरच या प्रकाराला वेगळ्या नावाची गरज भासू लागली. पूर्व नागपुरातील कळमना येथील पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डासारख्या बाजारपेठांत मालाची ने-आण करणारे टेम्पो आणि ट्रक अजूनही प्रामुख्याने याच प्रकारचे आहेत. त्यामुळे तेथे हे कौशल्य हौसेपेक्षा उपजीविकेशी अधिक निगडित आहे.

रचना व कार्य

विजेच्या मोटरला शून्य गतीपासून जोर लावता येतो. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाला तो लावता येत नाही. इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या खाली गेले की ते बंद पडते. म्हणून उभ्या गाडीची स्थिर चाके आणि फिरते इंजिन यांचा मेळ घालण्यासाठी मध्ये क्लच लागतो. क्लचचे पेडल दाबले की इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध तुटतो. पेडल सोडले की क्लचप्लेट इंजिनाच्या जड चाकावर (फ्लायव्हील) दाबली जाऊन संबंध पुन्हा जुळतो. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत प्लेट घासत घासत फिरते. तिलाच 'हाफ क्लच' म्हणतात. गाडी हळुवार उचलण्याचे सारे रहस्य या मधल्या अवस्थेत आहे, आणि क्लचप्लेट जळण्याचे कारणही तेच आहे.

पहिल्या गिअरमध्ये चाकांना जोर अधिक व गती कमी मिळते. वरच्या गिअरमध्ये जोर कमी व गती अधिक. दोन भिन्न गतींनी फिरणारे दात एकमेकांत बसवताना पूर्वी कर्कश आवाज होत असे. तो टाळण्यासाठी चालक क्लच दोनदा दाबत, आणि खालचा गिअर टाकताना मध्ये ॲक्सिलरेटरही देत. 1928 मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत 'सिंक्रोमेश' ही रचना आली. तिच्यात दात एकमेकांत बसण्यापूर्वीच त्यांची गती सारखी केली जाते. जुन्या ॲम्बॅसेडरच्या पहिल्या गिअरला ही सोय नव्हती, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकू नये अशी ताकीद शिकाऊ चालकाला दिली जाई. रिव्हर्स गिअरच्या बाबतीत ही ताकीद आजही लागू आहे.

भारतातील गाड्या

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. पद्मिनीत, तसेच हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसेडरमध्ये दीर्घकाळ, गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबावर डाव्या बाजूला असे. त्यामुळे पुढच्या सलग बाकावर चालकाशेजारी दोघांना बसता येई. दांडा पुढे-मागे आणि वर-खाली हलवून गिअर बदलण्याची ही पद्धत ज्यांच्या हातात बसली, त्यांना पुढे जमिनीवरचा दांडा पोरखेळ वाटला. उलट जमिनीवरच्या दांड्याची सवय असलेल्यांना पद्मिनी उचलणे अवघड जाई. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 बाजारात आली. 796 घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि जमिनीवर चार गिअर अशी तिची रचना होती. हलका क्लच आणि आखूड दांडा यांमुळे मोटार प्रशिक्षण शाळांनी तिला आपलेसे केले, आणि मध्यमवर्गातील एका पिढीने गाडी शिकली ती बहुधा याच गाडीवर. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने 2023 मध्ये ही टॅक्सी रस्त्यावरून गेली.

मालवाहतुकीत टाटा 407 (1986) आणि टाटा एस (2005) या गाड्यांनी मोठे स्थान मिळवले. टाटा एसला लोक 'छोटा हाथी' म्हणतात.

शिकण्याचा क्रम

पहिला धडा इंजिन सुरू न करताच द्यावा, असे जाणकार सांगतात. डाव्या पायाकडे केवळ क्लच आणि उजव्या पायाकडे ब्रेक व ॲक्सिलरेटर ही विभागणी पायांना पटली पाहिजे. नजर दांड्याकडे न वळवता डाव्या हाताला गिअरच्या जागा कळल्या पाहिजेत. त्यानंतर सपाट मोकळ्या जागेत ॲक्सिलरेटर अजिबात न देता केवळ क्लच हळूहळू सोडून गाडी हलवण्याचा सराव करतात. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडीचा पुढचा भाग थरथरतो, तोच क्लच पकडण्याचा क्षण. प्रत्येक गाडीत हा बिंदू निराळा असतो. क्लच एकदम सोडला तर गाडी झटका देऊन बंद पडते. नवशिक्याला त्याची लाज वाटते, परंतु त्याने यंत्राचे फारसे बिघडत नाही. खरे नुकसान होते ते गाडी बंद पडू नये म्हणून अति ॲक्सिलरेटर देऊन हाफ क्लचवर रेंगाळल्याने.

गिअर केव्हा बदलावा याचे उत्तर वेगमापकापेक्षा कान अधिक अचूक देतो. इंजिन ओरडू लागले की वरचा गिअर, कुंथू लागले की खालचा. हा संवाद जमू लागला की अनेकांना या गाडीची गोडी लागते. वळणापूर्वी योग्य गिअर टाकून, वळणातून बाहेर पडताना गाडी नेमकी उचलणे, यात जे समाधान मिळते ते स्वयंचलित गाडीत मिळत नाही, असे या प्रकाराचे चाहते मानतात. त्यात काही अंशी सवयीचा अभिमान असतो हेही खरे.

कळमना परिसरात गाडी शिकण्याची दुसरी, अनौपचारिक वाट आहे: ट्रकवर क्लीनर म्हणून राहणे आणि उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून शिकणे. संत्र्याच्या हंगामात यार्डाच्या रस्त्यावर वाहनांची रांग इंचाइंचाने सरकते. भरलेली गाडी अशा रांगेत हाफ क्लचवर न तोलता, पुढे पुरेशी जागा होऊ देऊन मगच पहिल्या गिअरमध्ये घेणे, ही या बाजाराने शिकवलेली शिस्त होय. परवान्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर केलेला असा सराव मात्र बेकायदेशीर ठरतो.

चढ आणि उतार

नागपूर शहर बहुतांशी सपाट असल्याने येथील शिकाऊ चालकाला चढावरचा सराव मुद्दाम करावा लागतो. त्यासाठी उड्डाणपुलांचे चढ आणि सेमिनरी हिल्सचा भाग उपयोगी पडतो. वळणावळणाच्या घाटासाठी चिखलदरा गाठावे लागते. चढावर थांबलेली गाडी उचलताना हँडब्रेक ओढून ठेवावा, क्लच पकडेपर्यंत सोडावा, थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि मगच हँडब्रेक खाली करावा. मागे सरकणारी भरलेली गाडी मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

उतारावरचा नियम याहून महत्त्वाचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, साधारणतः त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिची गती रोखून धरते व ब्रेकवरचा भार हलका होतो. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरण्याची सवय घातक आहे. सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि निकामी होतात. इंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारे यंत्राचे साहाय्यही संपते. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यातील नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी चालकाने इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आले. मुळात या सवयीने वाचणारे इंधनही फारसे नाही. आधुनिक इंजिने गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच, इंधनाचा पुरवठा आपोआप तोडतात.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार मोटार चालवण्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिने असते आणि ती मिळाल्यापासून 30 दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. शिकताना शेजारी अनुज्ञप्तीधारक प्रशिक्षक असणे आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हे अक्षर लावणे बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये हलक्या खासगी वाहनासाठी प्रशिक्षण शाळेत किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितले आहेत. याच नियमांतील चाचणीच्या निकषांत सर्व गिअर क्रमाने टाकत वरच्या गिअरपर्यंत जाणे, गरजेनुसार त्वरेने खालच्या गिअरवर येणे, उतारावर खालचा गिअर वापरणे आणि तीव्र चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. छोट्याशा मैदानात काही मिनिटांत उरकणाऱ्या चाचणीत यातले किती तपासले जाते, हा प्रश्न उरतोच.

अधिनियमात दुचाकीसाठी 'गिअरसह' आणि 'गिअरविरहित' असे दोन वर्ग आहेत, परंतु हलक्या मोटारीसाठी तसा भेद केलेला नाही. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर चाचणी देणाऱ्याला गिअरची गाडी चालवण्याची परवानगी मिळत नाही.

कळमन्यातील टेम्पोचालकांच्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा 6 नोव्हेंबर 2024 चा निकाल मोलाचा आहे. हलक्या मोटारीची अनुज्ञप्ती असलेल्या व्यक्तीला 7,500 किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याविना चालवता येते, असे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यात स्पष्ट केले. त्यापूर्वी अशा चालकाच्या हातून अपघात झाल्यास विमा कंपन्या अनुज्ञप्तीवर बोट ठेवून भरपाई नाकारू पाहत आणि वाद वर्षानुवर्षे चाले.

सद्यस्थिती

2014 मध्ये मारुती सेलेरिओतून 'एएमटी' हा स्वस्त पर्याय भारतात आला. त्यात गिअरपेटी जुनीच असते. क्लच आणि दांडा मात्र यंत्र हाताळते. विजेवरच्या बहुतेक मोटारींत गिअर बदलण्याची गरजच नसते. शहरी कुटुंबांत ऑटोमॅटिक गाड्यांची संख्या वाढत आहे. तरीही कमी किंमत, दुरुस्तीची सर्वत्र उपलब्धता आणि जुन्या गाड्यांचा मोठा बाजार यांमुळे गिअरच्या गाड्या रस्त्यावर टिकून आहेत. मालवाहू वाहनावर नोकरी शोधणाऱ्या तरुणाला आजही क्लच सांभाळता आल्याशिवाय स्टिअरिंग मिळत नाही.