आधी शेत, मग विद्यापीठ

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा जन्म १८ मे १९७२ चा. सरकारी कागदाला एवढं पुरतं. कुळाची चौकशी करायची तर मात्र ५४ वर्षं मागे, निजामाच्या अमदानीत जावं लागतं. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि त्याच साली परभणीच्या काळ्या रानात संस्थानाचं मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू झालं. विद्यापीठ राजधानीला, शेत मराठवाड्याला, ही वाटणी पुढे बराच काळ टिकली. परभणीची निवड समजायला अवघड नाही. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या खोऱ्यातली भारी जमीन, रानोमाळ ज्वारी-कापूस आणि मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचं स्टेशन.

प्रयोग इथे होत, पण शेतकीची पदवी घ्यायची तर पोराला हैदराबाद गाठावं लागे. १९५६ साली परभणीत कृषी महाविद्यालय आलं तेव्हा कुठे ही पायपीट थांबली. कॉलेजने बाळसं धरण्याआधीच राज्य बदललं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १९६० साली महाराष्ट्र झाला. चार वर्षांत तीन सरकारं पाहिलेलं हे कॉलेज.

पुढची गोष्ट राजकारणाची. राज्याचं पहिलं कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं आणि ते राहुरीला गेलं. विदर्भ पेटला, १९६९ साली अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं विद्यापीठ मिळालं. मग मराठवाडा आणि कोकण गप्प कसे बसतील? परभणी आणि दापोली, दोन्ही विद्यापीठांचा वाढदिवस एकच. प्रादेशिक हट्ट म्हणून याला नाकं मुरडणारे आहेत. मला तो हट्ट रास्त वाटतो, कारण राहुरीचं पीक आणि परभणीचं पीक एका मापाने मोजता येत नाही.

शिवाय नुसती पाटी बदलली नव्हती. शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत ते पोचवणं ही तिन्ही कामं एका छपराखाली आणायची, हा अमेरिकेच्या लँड ग्रँट विद्यापीठांचा नमुना पंतनगरने १९६० साली भारतात आणला होता. परभणीत तो उतरला तेव्हा १९१८ चं शेत आणि १९५६ चं कॉलेज एका घरात नांदायला आले. आणि मुहूर्त असा, की त्याच पावसाळ्याने दगा दिला. बहात्तरचा दुष्काळ मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना आजही वेगळा सांगावा लागत नाही.

विद्यापीठाची खरी ओळख वाणांनी झाली. भेंडीवर केवडा पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात, फळं फिकी निघतात. पांढरी माशी तो रोग रानभर नेते. १९८५ च्या सुमाराला आलेली ‘परभणी क्रांती’ ही ‘पुसा सावनी’ आणि तिच्या एका रानटी भाऊबंदाच्या संकरातून काढलेली. केवड्याला दाद न देण्याचा गुण तिने रानटी बाजूकडून उचलला. भाजीच्या मळ्यांतून परभणीचं नाव मराठवाड्याबाहेर गेलं ते हिच्यामुळे. नांदेडच्या केंद्राचा कापूस ‘एनएचएच ४४’, बदनापूरच्या ‘बीडीएन’ तुरी, ‘परभणी मोती’ ज्वारी, आणि अलीकडे लोह-जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी, ही बाकीची मंडळी.

घरातून काही गेलंही. २००० साली नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ झालं आणि परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय तिकडे जोडलं गेलं. २०१३ साली, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दी वर्षात, मराठवाडा कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. मुख्यमंत्री म्हणून हे विद्यापीठ त्यांच्याच कारकिर्दीतलं, तेव्हा नाव शोभतं. फक्त सोयाबीनने ते मनावर घेतलेलं नाही. तिचे नवे वाणही ‘एमएयूएस’ म्हणूनच निघतात, म्हणजे मराठवाडा अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी सोयाबीन. वर्धापनदिनी खरीप मेळावा भरतो, बियाण्याच्या काउंटरवर रांग लागते. तिथे शेतकरी विचारतो ते पिशवीवरच्या नंबरचं, आणि पिशव्या संपल्या की तावातावाने भांडतोही.