वाळूच्या नळीतले वीस दिवस

शाळेच्या नव्या हौदात मासे सोडले. पाणी नितळ दिसते, तरी आठवड्याभरात मासे मरू लागतात. असे का व्हावे?

याचे उत्तर १८७७ सालच्या एका प्रयोगात सापडते. फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युंत्स यांनी वाळू व चुनखडीची भुकटी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस त्यातला अमोनिया जसाच्या तसा बाहेर आला. मग मात्र त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. हा वाळूचाच गुण असता, तर वीस दिवस का लागावेत? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. नंतर बागेतली माती कालवलेले पाणी घातले. ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे काम करणारे सजीव होते! १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जीवाणू वेगळे केले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट.

१९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग आरंभले. हौदाशेजारची दलदल-गाळणी त्याच कुळातली: खडीचा थर, त्यात पाणकणीस किंवा कर्दळ, आणि खडीतून फिरणारे हौदाचे पाणी. जीवाणू खडीवर वाढतात, झाडे नायट्रेट शोषतात.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही त्यांना घातक. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मासे मोजकेच ठेवावेत. आणि खडी क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने धुऊ नये. नळीत क्लोरोफॉर्मने जे केले, तेच येथे क्लोरीन करील.